लाल धोटा

माझ्या घरात खुंटीला एक धोटा टांगलेला आहे. लाल रंगाचा. येणारा-जाणारा विचारतो की हे काय, तर माझी बायको पंचफुला मला तोंड उघडू देत नाही. म्हणते, "इचारू नोका बावा, थे सांगाले बसले का भाकर करपते." पण मी सांगतोच. मला राग येतो आणि आता मी तो गिळत नाही. अकरा वर्षं गिळला, तेवढा पुरे झाला.

मी श्रावण थूल. सेलूच्या वाटेवर जी गिरणी आहे, तिच्या फुटबॉल टीमचा डावा बॅक होतो. खेळ ठाऊक नसेल त्याला सांगतो. गोल मारणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात, बॅकला कोणी घेत नाही. समोरचा गडी बॉल घेऊन अंगावर आला की त्याच्या आणि आपल्या गोलीच्या मध्ये उभं राहायचं आणि हटायचं नाही, एवढंच बॅकचं काम. तुम्ही काम चोख केलंत तर तुमच्या बाजूनं काही घडतच नाही, मग लोकांनी टाळ्या कशाला वाजवायच्या? माझ्या बाजूनं अकरा वर्षं फारसं काही घडलं नाही, हीच माझी कमाई.

चव्वेचाळीस साली मी सेलूच्या जिनात कापसाच्या गाठी उचलत होतो. बाजाराच्या दिवशी मोकळ्या जागेवर आमचा खेळ चालायचा. तिथं मला मधुकररावांनी हेरलं. ते गिरणीत साचेखात्याचे मास्तर, म्हणजे जिथं मागांवर कापड विणतात त्या खात्याचे मुख्य, आणि फुटबॉल टीमचे सेक्रेटरीही तेच. मला बाजूला घेऊन म्हणाले, "नाव रिंगखात्यात लावतो. अर्धा दिवस सुताचं काम, अर्धा दिवस मैदान. आणि पाय गेले का साचा."

त्या शेवटच्या एका शब्दासाठी मी गिरणीत गेलो. साचा म्हणजे विणायचा माग. टीमचा रिवाजच होता तसा. पाय थकले की खेळाडूला साचा मिळायचा. रिंगखात्यात सूत काततात, तिथं माणूस मजूर. साच्यावर बसला की तो कारागीर, त्याला लोक नावानं हाक मारतात, लग्नात पुढं बसवतात. रिंगखातं आमच्या महारवाड्यातल्या माणसांनी भरलेलं होतं आणि साचेखात्यात आमचा एकही नव्हता. हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण मला वाटलं, गिरणीची इभ्रत वाचवणाऱ्याला कोण अडवणार? इतका मूर्खपणा मी मैदानावर कधी केला नाही.

उजव्या बाजूला रूपराव खेळायचा. गिरडकडचा कुणबी, घरी दोन बैल आणि थोडी शेती, माझ्यापेक्षा तीनचार वर्षांनी मोठा. आम्ही दोघं बॅक, मागं फक्त गोली. रूपरावचा पाय माझ्यापेक्षा लांब जायचा, माझी नजर त्याच्याआधी पोचायची. बॉल त्याच्याकडं जाणार असं दिसलं की मी ओरडायचो, "रूप्या, तुया!" आणि माझ्याकडं आला की तो, "श्रावण्या, तुया!" मैदानाबाहेर मी त्याला रूपरावभाऊ म्हणायचो. रेषेच्या आत रूप्या आणि रेषेच्या बाहेर भाऊ, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. हाफटाईमला सगळे घड्यातून पेल्यानं पाणी प्यायचे, माझ्या ओंजळीत वरून ओतायचे. ते पाणीही मी अकरा वर्षं प्यालो. खेळताना तहान लागते, राग नंतर येतो.

आता नीट ऐका, सगळी गोष्ट इथं आहे.

फुटबॉल म्हणजे वरून चामडं आणि आत रबराचं ब्लॅडर. ब्लॅडरला बोटभर नळी असते. पंपानं हवा भरायची, नळी दुमडून सुतळीनं आवळायची, आत दाबायची आणि वरून चामड्याच्या वादीनं तोंड शिवायचं. लढाईच्या काळात आमच्या पंपाचा वायसर गेला तो गेलाच, गिरणीनं दुसरा आणला नाही. मग तोंडानं भरायचं. ते ज्याच्या त्याच्या छातीचं काम नाही. टीममध्ये दोघांचीच छाती पुरायची, माझी आणि रूपरावची. म्हणून आम्ही दोघं सगळ्यांच्या आधी मैदानावर जायचो आणि कडेच्या बाभळीखाली बसून बॉल भरायचो. मी फुंकायचो, गाल दुखायला लागले की नळी चिमटीत धरून त्याच्या हातात द्यायचो. मग तो फुंकायचा. मग पुन्हा मी. तिथं तिसरं कुणी नसायचं.

पहिली दोन वर्षं रूपराव नळी सदऱ्याच्या बाहीला पुसून तोंडात घ्यायचा. मी दुसरीकडं पाहायचो. तिसऱ्या वर्षी एकदा मॅचची घाई होती, समोरची टीम पोचली होती, आणि त्यानं नळी माझ्या तोंडातून ओढून सरळ आपल्या तोंडात घातली. फुंकून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं. माझ्याही. मग तो हसायला लागला आणि म्हणाला, "मेलो तं नाई ना लेका." त्यानंतर नऊ वर्षं त्यानं नळी एकदाही पुसली नाही. पंचफुलाला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मोठे उपकार केले." ती माझ्यापेक्षा शहाणी आहे. मला मात्र त्या दिवसापासून तो भावासारखा वाटायला लागला. लाज वाटते सांगायला, पण वाटला.

पंचावन्न साली वर्ध्याच्या मैदानावर आमची फायनल झाली. समोर नागपूरची टीम, सगळे बूटवाले. आम्ही अनवाणी, घोट्याला गिरणीच्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. आम्ही एका गोलनं पुढं होतो. खेळ संपायला आला तेव्हा त्यांचा फॉरवर्ड रूपरावच्या बाजूनं घुसला. रूपरावचा पाय घसरला आणि तो बसला. त्याची बाजू उघडी पडली. मी माझी बाजू सोडून तिरपा धावलो आणि फॉरवर्डनं बूट मारला त्याच क्षणी मध्ये गुडघा घातला. बॉल वाचला. गुडघ्यात जो आवाज झाला तो गोलीनंसुद्धा ऐकला. चषक आला, ढोल वाजले, गोल मारणाऱ्याला खांद्यावर घेतलं. मला बैलगाडीत घातलं. माझ्या उशाशी रूपराव बसला होता. सेलू येईपर्यंत तो एकच बोलत होता, "माया बाजूचा होता रे थो. माया बाजूचा होता."

त्या दिवशी आम्हा दोघांचाही खेळ सुटला. त्याचं वय झालं, माझा गुडघा गेला. पुढच्या महिन्यात रूपरावला साचा मिळाला. मला कचऱ्याच्या खात्यात टाकलं. साच्याखाली पडलेल्या सुताच्या गुंतवळी झाडून पोत्यात भरायच्या.

मी काठी टेकत मधुकररावांकडं गेलो. "मास्तर, माया साचा?"

त्यांनी चष्मा पुसला. "अरे श्रावण, मी काय नाई म्हनतो का? पण धोट्याले तोंड लावा लागते ना."

धोटा म्हणजे सूत घेऊन ताण्यातून इकडून तिकडं पळतो तो लाकडी तुकडा. त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायला भोकाला तोंड लावून ओढायचं. एक माणूस दिवसाच्या पाळीत ओढतो, त्याच साच्यावर दुसरा रात्रीच्या पाळीत ओढतो. म्हणून साचेखात्यात आमचा माणूस नको. बापजाद्यांपासून हेच कारण.

"बॉलले तोंड लावलं तवा चाललं ना तुमाले?" मी म्हटलं.

"बॉलची गोष्ट येगळी हाय," ते म्हणाले. त्यांनी चष्मा डोळ्यावर चढवला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन मी म्हटलं, जातो परत जिनात. पंचफुला कणीक मळत होती, ती तशाच हातानं उठली. "काऊन जाता? कायदा झाला ना आता. शिवाशिव करनाऱ्याले सजा हाय. तुमी मैदानावर हटत नवते, मंग इथं काऊन हटता?" तिनं वस्तीतल्या शाळामास्तरांकडून अर्ज लिहून घेतला. एक नागपूरला सरकारकडं पाठवला, उत्तर नाही. दुसरा पाठवला. वर्षभर मी रूपरावच्या साच्याखालचा कचरा झाडला. तो मला पाहून पाय मागं घ्यायचा, आणि मला वाटायचं की बिचाऱ्याला कसंनुसं होत असेल.

छप्पन्नच्या दसऱ्याला मी आणि पंचफुला नागपूरला गेलो. सेलूपासून गाड्या भरून माणसं, बायांच्या अंगावर पांढरी लुगडी, पंचफुलानंही एक उधार आणलं होतं. एवढ्या गर्दीत मला बसायला जागा नव्हती आणि गुडघा वाकत नव्हता, म्हणून मी दीक्षा उभ्यानं घेतली. परत येताना पंचफुला म्हणाली, "आता कोनी वरून पानी ओतलं तं पिऊ नोका." त्यानंतर मी प्यालो नाही.

सत्तावन्नच्या जानेवारीत नागपूरहून सरकारी साहेब आला, आमचा अर्ज त्याच्या हातात होता. आठ दिवसांत मधुकररावांनी मला बोलावून सांगितलं, "सोमवारपासून साच्यावर येजो. रूपराव शिकवंल तुले." मी घरी जाताना काठी विसरलो, अर्ध्या वाटेतून परत गेलो. पंचफुलानं त्या दिवशी गोडाचं केलं. मी सदरा धुतला. रूपराव शिकवणार म्हणून मला दुप्पट आनंद झाला होता, तोही सांगून टाकतो.

सोमवारी रूपराव साचेखात्याच्या दाराशीच उभा होता. आत चारशे साचे चालतात, तिथं बोललेलं ऐकू येत नाही, लोक ओठ पाहून बोलतात. जे बोलायचं ते दारातच. त्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यातून एक धोटा काढला. लालभडक.

"हा तुया," तो म्हणाला. "दुसऱ्या धोट्याले हात लावू नोको, बस. बाकी सारं मी जमवलं."

मला कळेना. "लाल काऊन?"

"अरे, अण्णाजी आयकाले तयार नवता." अण्णाजी म्हणजे साचेखात्याचा जॉबर, कामगारांवरचा मुकादम. "समदे म्हने, साचे बंद करू. मंग मीच म्हनलं, त्याचा धोटा येगळा ठेवू, रंग लावून देऊ, म्हंजे कोनाच्या चुकून तोंडात जानार नाई. तवा कुठं मानले. मी सोता रंगवला. पोळ्याचा उरला होता घरी."

"बैलाच्या शिंगाचा?"

"हो. पक्का हाय. धुतला तरी निघत नाई." आणि तो हसला. बाभळीखाली हसायचा तसाच.

मी पाहत राहिलो. अण्णाजीनं केलं असतं तर मी समजून घेतलं असतं, त्याची माझी ओळख किती? मधुकररावांनी केलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्या गुडघ्यावर ज्याची बाजू सावरली गेली, त्यानं घरी बसून, कुंचला घेऊन, माझ्यासाठी बैलाचा रंग लावला होता. आणि त्याला वाटत होतं की आपण दोस्ती निभावली. माझं थोबाड लाल झालं असेल, त्या धोट्याहून लाल. मी तो कमरेला खोवला आणि आत गेलो.

रूपराव आपल्या साच्याशी उभा राहिला, मी त्याच्या बाजूला. साचा सुरू झाला. थोड्या वेळानं कांडी संपली, साचा थांबला. रूपरावनं धोटा बाहेर काढला, त्याचा साधा, लाकडाच्या रंगाचा, हातांनी गुळगुळीत झालेला. तो नवी कांडी घ्यायला वळला आणि मी धोटा उचलला. कांडी घातली. भोकाला तोंड लावलं आणि ओढलं. सूत आलं, सुताबरोबर घशात कापसाची पूड गेली आणि मला ठसका लागला. पण सूत आलं.

शेजारच्या साच्यावरच्यानं पाहिलं. त्यानं साचा बंद केला. मग त्याच्या पलीकडचा. आवाज रांगेरांगेनं कमी होत गेला आणि त्या खात्यात मला माझा खोकला ऐकू यायला लागला. अण्णाजी धावत आला.

"काय केलं रे?"

"कांडी भरली," मी म्हटलं. त्याच्याकडं मी पाहिलंही नाही. मी धोटा रूपरावपुढं धरला. "रूप्या, तुया!"

त्या खात्यात, त्याच्या जातभाईंसमोर, मी त्याला पहिल्यांदा रूप्या म्हटलं. त्याचा चेहरा उतरला. त्यानं धोटा घेतला, साच्यात टाकला, साचा चालू केला. एकटा तोच साचा खटखटत होता. बाकीचे कारागीर हात बांधून उभे होते. कारण सगळ्यांना ठाऊक होतं की माझी कांडी संपेल आणि मग त्याला तोंड लावावं लागेल. चार-पाच मिनिटं लागतात कांडी संपायला. त्या चार-पाच मिनिटांत मी मनातल्या मनात त्याला एवढंच म्हणत होतो, हटू नको. साच्याचं मला काही वाटत नव्हतं आता. ते काढून घेतील तर घेऊ देत. फक्त यानं हटू नये.

कांडी संपली. साचा थांबला.

रूपरावनं धोटा काढला. नवी कांडी घातली. अण्णाजीकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं नाही. मग त्यानं धोट्याचं भोक सदऱ्याच्या बाहीला पुसलं. एकदा. पुन्हा एकदा, जोरानं. आणि मग तोंड लावून सूत ओढलं.

साचा सुरू झाला. अण्णाजी थुंकला आणि निघून गेला. एकेक करत सगळे साचे चालू झाले, कारण एका कुणब्यानंच तोंड लावलं म्हटल्यावर ते कुणाच्या नावानं बंद ठेवायचे? मला साचा मिळाला. अजून आहे. आता कुणाचा धोटा रंगवलेला नाही, माझ्यानंतर आमचे आणखी दोघं लागले. मधुकरराव चारचौघांत सांगतात की हे आमच्या गिरणीत झालं, सगळ्यांत आधी झालं. खुशाल सांगोत.

मी लाल धोटा घेऊन घरी गेलो आणि सगळं सांगितलं. पंचफुला म्हणाली, "मंग जितले ना तुमी?"

"पुसला त्यानं."

"पन तोंड तं लावलं ना? येवढ्या लोकाईसमोर?"

"पुसून लावलं."

तिनं ताटात भाकर वाढली. मग म्हणाली, "त्याले अवघड गेलं असंल." मी ताट सरकवलं. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. मला कळत होतं की ती खोटं बोलत नाही, आणि म्हणूनच जास्त राग येत होता. नऊ वर्षं कुणी पाहत नव्हतं तेव्हा त्यानं पुसलं नाही, आणि चारशे साच्यांसमोर त्याला माझी थुंकी आठवली. म्हणजे बाभळीखाली जे होतं ते काय होतं? चोरून केलेलंच ना?

रविवारी दुपारी तो माझ्या दारात आला. आमच्या वस्तीत तो आधी कधी आला नव्हता. हातात अर्धवट फुगलेला बॉल, नळी चिमटीत धरलेली. नव्या टीमची मॅच होती आणि नव्या गड्यांच्या छातीत दम नव्हता. पंचफुलानं बाज टाकली, तो बसला. बाज करकरली.

"श्रावण्या, अर्धा भरला," तो धापा टाकत म्हणाला. "आता मायाच्यानं होत नाई. भर बावा तू."

त्याला वाटलं होतं की सगळं पहिल्यासारखं झालं. मला त्याचा चेहरा अजून दिसतो, उन्हानं तापलेला, गाल फुंकून लाल झालेले. तोंड लावून त्यानं माझ्यासाठी एवढं केलं, आता मी त्याच्यासाठी हवा भरावी, असा त्याचा सरळ हिशेब. मी नळी चिमटीत घेतली. ती त्याच्या थुंकीनं ओली होती.

मी सदऱ्याची बाही ओढली आणि नळी पुसली. एकदा. त्याच्याकडं पाहिलं. मग पुन्हा एकदा, जोरानं. मग तोंडात घेऊन फुंकायला लागलो.

माझ्या छातीत अजून दम आहे. मी थांबलो नाही, त्याला पाळी दिली नाही. ब्लॅडर टणक होईपर्यंत फुंकलं, नळी दुमडली, सुतळीनं आवळली. तोवर रूपराव खाली मातीकडं पाहत होता.

"काऊन पुसलं रे?" तो हळूच म्हणाला. "आपन तं कदी..."

दारात पंचफुला पाण्याचा पेला घेऊन उभी होती. मी तिच्याकडं बोट दाखवलं.

"कोनी पाहून राह्यलं ना, रूपरावभाऊ," मी म्हटलं. "म्हनून पुसलं."

त्यानं मान वर केली. पंचफुलानं पेला पुढं केला, तो त्यानं दोन्ही हातांनी घेतला आणि तोंड लावून सगळं पाणी प्यायला. मग बॉल उचलून मैदानाकडं गेला.